वादळात विमान का पडतं, आणि युद्धात ते वादळात जातंच का?

जून २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि सोलापुरात विमानांच्या गप्पांना जोर आला. त्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. आभाळ भरून आलं की प्रवासी विमान उशिरा सोडतात, नाहीतर दुसऱ्या गावाला वळवतात. मग युद्धकाळात वादळात सापडून कोसळलेल्या ज्या विमानांबद्दल आपण वाचतो, त्यांना कुणी थांबवलं का नाही?

अशी एक बातमी जानेवारी २०२२ मध्ये आली होती. अरुणाचल प्रदेशातल्या एका बर्फाळ डोंगरमाथ्यावर सी-४६ जातीच्या अमेरिकी मालवाहू विमानाचे अवशेष सापडले. चीनमधल्या कुनमिंगहून १३ जणांना घेऊन निघालेलं हे विमान जानेवारी १९४५ च्या पहिल्या आठवड्यात वादळात बेपत्ता झालं होतं. शेपटीवरच्या क्रमांकावरून ओळख पटली. मधे ७७ वर्षं गेली होती.

हेच विमान समोर ठेवून वादळात काय होतं ते पाहू. माझं मत आधीच सांगतो: वादळ हे अपघाताचं निम्मंच कारण असतं. उरलेलं निम्मं म्हणजे थांबण्याची, परत फिरण्याची किंवा वळसा घालण्याची मोकळीक काढून घेतली जाणं. युद्ध नेमकं तेच करतं.

चीनला माल न्यायला आकाशच का?

याचं उत्तर सोलापूरकरांच्या ओळखीच्या एका नावापासून सुरू करता येतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते मुंबईहून बोटीने. पथक कँटन बंदरात उतरलं आणि महिनाभरातच, ऑक्टोबर १९३८ मध्ये, ते बंदर जपानच्या ताब्यात गेलं. चीनचा किनारा असा एकेक करून बंद होत गेला. उरला होता ब्रह्मदेशातल्या लाशिओहून कुनमिंगला जाणारा डोंगरी रस्ता. एप्रिल १९४२ च्या अखेरीस जपानने लाशिओ घेतलं आणि तोही तुटला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉ. कोटणीस चीनमध्येच वारले.

आता चीनमध्ये लढणाऱ्या, चिनी सरकारचे नेते चँग कै-शेक यांच्या सैन्याला आणि तिथल्या अमेरिकी हवाई दलाला पेट्रोल, बॉम्ब, औषधं, सुटे भाग पोचवायचे तर आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून उडत जाणं एवढाच मार्ग राहिला. (कोटणीस ज्यांच्याबरोबर काम करत होते त्या कम्युनिस्ट सैन्याच्या वाट्याला या मालातलं जवळजवळ काही आलं नाही, हेही सांगायला हवं.) वैमानिक या मार्गाला ‘हंप’ म्हणत. चाबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर अशा आसामातल्या धावपट्ट्यांवरून विमानं निघत. या धावपट्ट्या बांधायला चहाच्या मळ्यांतले हजारो मजूर राबले होते, त्यांची आठवण या कथेत फारशी कुणी काढत नाही. अंतर साधारण ८०० किलोमीटर. मधे १५ ते २० हजार फुटांची शिखरं. नोव्हेंबर १९४५ पर्यंत या मार्गाने साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला, आणि त्यापायी सुमारे ६०० विमानं आणि दीड हजारांहून जास्त माणसं गेली. यातली कित्येक विमानं शत्रूच्या गोळीने पडलेली नाहीत. हवामान, थकलेली इंजिनं आणि थकलेली माणसं यांनी ती पाडली.

गडगडाटी ढगात नेमकं काय असतं?

वळवाचा ढग सोलापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. दुपारपर्यंत अंगाची लाही लाही, चारच्या सुमाराला दक्षिणेला काळं दिसायला लागतं, मग धुळीचा लोट आणि टपोरे थेंब. खालून आपल्याला दिसतो तो या ढगाचा फक्त तळ. त्याचा माथा १२ ते १५ किलोमीटर, कधी त्याहूनही वर असतो.

त्याच्या आत काय चाललेलं असतं याचा पुरावा गारपिटीत जमिनीवर येऊन पडतो. आपल्या द्राक्षबागायतदारांनी तो मन घट्ट करून पाहिलेला असतो. मोठी गार पटकन उचलून मधोमध कापली तर आत एकावर एक थर दिसतात, एक दुधी तर एक पारदर्शक. एवढे थर चढेपर्यंत ती गार ढगात टिकून होती. खाली पडायला निघालेल्या गारेला खालून येणारा वाऱ्याचा झोत वर पेलून धरत होता. लिंबाएवढी गार पेलायची तर हा झोत ताशी ९०-१०० किलोमीटरच्या घरात लागतो, आणि तो सरळ वर जाणारा असतो. त्याला लागूनच पावसाबरोबर थंड हवा तितक्याच जोरात खाली कोसळत असते.

विमान या दोन झोतांच्या मधून जातं तेव्हा काही सेकंदांत ते शेकडो फूट वर फेकलं जातं आणि लगेच खाली ढकललं जातं. मालाने भरलेल्या सी-४६ ची त्या उंचीवर वर चढण्याची ताकद या झोतांच्या पासंगालाही पुरत नसे. इंजिनं पूर्ण जोरात, नाक वर, आणि तरी विमान खालीच जातंय, असं वर्णन हंपवरून परतलेल्या वैमानिकांनी केलं आहे.

हिमालयात ढग नसला तरी सुटका नव्हती. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा डोंगररांगेवर आदळून वर चढतो आणि पलीकडच्या उतारावरून खाली घसरतो. त्या घसरणाऱ्या हवेत विमान सापडलं की डोंगरमाथा अचानक डोळ्यांच्या रेषेत यायचा.

पंखावर साचणारा बर्फ

झोतांपेक्षाही गुपचूप मारणारी गोष्ट म्हणजे बर्फ. पाणी शून्य अंशाला गोठतं असं आपण शाळेत शिकतो. पण ढगातले बारीक थेंब शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंशांवरही पाणीच राहू शकतात. याला अतिशीत पाणी म्हणतात. कशाला तरी स्पर्श होताच ते गोठतं, आणि विमानाचा पंख हाच तो स्पर्श. शून्य ते उणे पंधरा-वीस अंशांचा पट्टा यासाठी सगळ्यांत वाईट. हंपवरची विमानं हिवाळ्यात ज्या उंचीवरून जात, तिथे नेमकं हेच तापमान असे.

विमान हवेत राहतं ते पंखाच्या विशिष्ट आकारामुळे. त्या आकारावरून हवा गुळगुळीत वाहते म्हणून वरच्या दिशेने उचल मिळते. पुढच्या कडेवर खडबडीत बर्फ चढला की हवा पंखाला सोडून भरकटते आणि उचल कमी होते. ती भरून काढायला वैमानिक नाक वर करतो, वेग आणखी घटतो, आणि एका क्षणी पंख काम करणंच थांबवतो. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. त्यानंतर विमान उडत नसतं, पडत असतं.

उपाय नव्हते असं नाही. पंखाच्या पुढच्या कडेला रबराच्या नळ्या बसवलेल्या असत. त्यात हवा भरली की त्या फुगत आणि वरचा बर्फ तडकून उडून जाई. पण घाई करून थर पातळ असतानाच फुगवल्या तर बर्फ तुटत नसे, आणि उशीर केला तर थर इतका जाड होई की नळीच दबून राही. इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांवर अल्कोहोल फवारलं जाई. तिथून सुटलेले बर्फाचे तुकडे विमानाच्या पत्र्यावर धाडधाड आदळत. अंधारात बसलेल्या माणसाला तो आवाज आला की निदान पाती मोकळी होताहेत एवढं कळायचं.

इंजिनाच्या आतही बर्फ धरत असे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची हवा एकदम गार पडते, आणि ती दमट असली तर बाहेर शून्याच्या वर तापमान असतानाही आत बर्फ जमून हवेची वाट बंद होते. इंजिनाचा श्वास कोंडतो.

वारा आडवा असला की

पंढरपुरात चंद्रभागेला भरपूर पाणी असताना होडीत बसलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. पैलतीरावर जिथे उतरायचं, होडीवाला तिकडे नाक धरत नाही. तो बराच वरच्या अंगाला रोखतो, कारण ओढ होडीला खाली नेणार हे त्याला ठाऊक असतं. विमानही असंच वाहत्या हवेतून जात असतं. पण होडीवाल्याला तीर दिसत असतो आणि ओढीचा अंदाज असतो. १९४५ मधल्या वैमानिकाला रात्री ढगात तीरही दिसत नव्हता आणि वर वारा किती आहे हे सांगणारी यंत्रणाही जवळजवळ नव्हती.

कुनमिंगहून आसामकडे येताना तो पश्चिमेचा वारा समोरून येई. साधा हिशेब करू. सी-४६ चा नेहमीचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे ८०० किलोमीटरला तीन तासांहून कमी. समोरून ताशी १६० किलोमीटरचा वारा असला, आणि हंपवर तो असे, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो १२०. मग साडेसहा तासांहून जास्त लागतात. घड्याळ पाहून ‘आता आपण आसामच्या मैदानावर आलो’ असं समजून खाली उतरायला लागलेलं विमान प्रत्यक्षात अजून शिखरांच्या मधोमध असू शकतं. वारा तिरका असला तर ते उत्तरेला, आणखी उंच डोंगरांकडे, सरकलेलं असतं.

यंत्रंही चुकीचं सांगू लागतात

उंची दाखवणारं यंत्र म्हणजे खरं तर हवेचा दाब मोजणारं यंत्र. वर जाऊ तसा दाब कमी होतो, त्यावरून ते फूट सांगतं. वादळात हवेचा दाबच घसरलेला असतो, त्यामुळे विमान होतं तिथेच असतानाही काटा ‘तू वर आहेस’ असं दाखवतो. शिखर ओलांडायला जेमतेम अंतर राखून उडणाऱ्याला हा फरक जिवावर बेततो.

दिशेचंही तेच. विमानात रेडिओ कंपास असे. जमिनीवरच्या केंद्राकडून येणाऱ्या लहरी पकडून त्याचा काटा त्या केंद्राकडे वळायचा. पण वीज चमकली की तिच्याही रेडिओलहरी निघतात. वादळ जवळ आलं की काटा केंद्र सोडून त्या ढगाकडेच वळत असे. ज्याच्यापासून लांब पळायचं त्याचीच वाट यंत्र दाखवायचं.

“ढगांच्या वरून का नाही गेले?”

कारण जाता येत नव्हतं. ढगाचा माथा ४० हजार फुटांच्या वर, आणि सी-४६ किंवा डाकोटा ही विमानं रिकामी असतानाही २४-२६ हजार फुटांच्या पुढे फारशी जात नसत. भरलेली असली की त्याहून खाली. आतली हवा जमिनीसारख्या दाबाची ठेवण्याची सोय नव्हती, ऑक्सिजनचा मुखवटा लावूनच बसावं लागे. ढग पुढे आहे की नाही हे दाखवणारं हवामान-रडार या विमानांत नव्हतं. रात्री तर वीज चमकेल तेवढंच दिसायचं.

“आणि वीज पडली तर?”

लोकांना भीती याचीच जास्त वाटते, पण धातूच्या विमानावर वीज पडली तर ती बाहेरच्या पत्र्यावरून वाहत जाऊन दुसऱ्या टोकाने निघून जाते. आजच्या प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एखादवेळी वीज पडते आणि आतल्या बहुतेकांना एक मोठा आवाज आणि उजेड एवढंच कळतं.

“एवढं माहीत होतं तर विमानं सोडली कशाला?”

हा सगळ्यांत रास्त आक्षेप आहे आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

सोलापूर विमानतळावरूनही ढगात शिरणारी विमानं उडाली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्याकडे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. संशोधन-विमानं ढगांच्या तळाशी, ढगांच्या आत जाऊन थेंबांचे आकार आणि हवेचे झोत मोजत होती. त्या वैमानिकांनाही धोका होताच. पण कोणत्या ढगाजवळ जायचं, कोणता सोडायचा, आज उडायचंच की नाही, हे ठरवायची त्यांना मुभा होती.

हंपवरच्या वैमानिकाला ती नव्हती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी महिन्याला १०,००० टन मालाचं उद्दिष्ट दिलं होतं, आणि वरच्या अधिकाऱ्यांची पत त्या टनांवर मोजली जात होती. हंपची वाहतूक सांभाळणारे ब्रिगेडियर जनरल थॉमस हार्डिन यांच्या कारकिर्दीत तर हवामान खराब म्हणून उड्डाण थांबवायचंच नाही असा दंडक झाला. टन वाढले आणि अपघातही वाढले.

आणखी एक नियम होता, वरून अगदी माणुसकीचा वाटणारा. ६५० तास उड्डाण पूर्ण झालं की वैमानिकाला घरी जाता येई. घरची ओढ कुणाला नसते? तरुण पोरं झोप न घेता, महिन्याला दीडशेच्या वर तास उडू लागली, म्हणजे चार महिन्यांत सुटका. अशा माणसापुढे वादळ आलं तर तो परत फिरेल की ‘एक फेरी तेवढी पदरात पडू दे’ म्हणेल?

सप्टेंबर १९४४ मध्ये विल्यम टनर या वाहतुकीचे प्रमुख म्हणून आले. तास वाढवून ७५० केले आणि किमान एक वर्ष राहण्याची अट घातली, त्यामुळे घाईचा फायदाच संपला. प्रत्येक अपघाताची छाननी सुरू झाली, विमानांची देखभाल कारखान्यासारखी टप्प्याटप्प्याने होऊ लागली. जुलै १९४५ मध्ये एका महिन्यात ७१,००० टन माल गेला आणि उड्डाणाच्या तासांमागे अपघातांचं प्रमाण मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी खाली आलं. सुरक्षितता पाळली तर काम मागे पडतं, असं म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

अर्थात जानेवारी १९४५ च्या त्या वादळाच्या वेळी प्रमुख टनरच होते, आणि तरीही ६-७ जानेवारीच्या रात्री एकापाठोपाठ एक विमानं गेली. चांगले नियम होते, पण येणारं वादळ आधी सांगणारं ज्ञान नव्हतं. दोन्ही लागतात.

“इतकी वर्षं सापडलं कसं नाही?”

अरुणाचलचा तो भाग नकाशावर दिसतो त्यापेक्षा कितीतरी दुर्गम आहे. खाली सूर्यप्रकाश न पोचणारं जंगल, वर बारमाही बर्फ. विमान वाऱ्याने भरकटलेलं असल्यामुळे शोध घ्यायचा पट्टाच चुकीचा ठरतो. २०२२ मध्ये बातमी आलेल्या त्या विमानाच्या शोधात आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, लिसू जमातीचे तीन वाटाडे हिमवादळात गारठून मरण पावले. सात दशकांपूर्वीच्या वादळातले १३ जण शोधताना दुसऱ्या वादळाने तिघांना नेलं. बातमीत या तिघांना एखादी ओळच मिळाली, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आपल्या हवाई दलाचाही अनुभव असाच आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ जातीचं मालवाहू विमान खराब हवामानामुळे परत फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झालं. आत १०२ जण होते. वैमानिकाने परत फिरण्याचा निर्णय घेतला होता, तरी डोंगराने सोडलं नाही. अवशेष २००३ मध्ये दिसले आणि सप्टेंबर २०२४ मध्येही हिमनदीतून चार जवानांचे मृतदेह हाती आले. जून २०१९ मध्ये जोरहाटहून, म्हणजे हंपच्याच एका जुन्या तळावरून, अरुणाचलमधल्या मेचुकाला निघालेलं एएन-३२ जातीचं मालवाहू विमान पडलं. आठ दिवसांनी सापडलं, १३ पैकी कुणीही वाचलं नाही.

“आता रडार आलं, मग काळजी कशाला?”

आज विमानाच्या नाकातलं रडार पुढचा ढग दाखवतं, उपग्रह वरून पाहतो, पंखाची कड गरम ठेवता येते. त्यामुळे ढगाला वळसा घालणं सोपं झालं. वळसा घालायला जागा मात्र लागते.

२१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं प्रवासी विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळासमोर आलं. भारत-पाकिस्तान संघर्ष नुकताच थांबला होता आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं होतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निवेदनानुसार वैमानिकांनी आधी डावीकडे, सीमेच्या बाजूला वळायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. लाहोरकडे मागितली, तिथूनही नकार आला. तोवर ढग इतका जवळ होता की त्यातूनच जायचं ठरलं. आत वेग कमी झाल्याचे आणि वेग मर्यादेबाहेर गेल्याचे इशारे आलटून पालटून वाजत होते. एका टप्प्यावर विमान मिनिटाला ८,५०० फूट वेगाने खाली जात होतं. वैमानिकांनी ते हाताने सावरलं आणि नाक फुटलेल्या अवस्थेत श्रीनगरला सुखरूप उतरवलं. दोनशेहून अधिक प्रवाशांपैकी कुणालाही इजा झाली नाही.

ढग रडारवर दिसत होता. वळसा कुठून घालायचा हेही वैमानिकांना कळत होतं. वाट बंद होती ती माणसांनी.

जगभरातल्या नागरी विमान वाहतुकीचा पाया असलेला शिकागो करार ७ डिसेंबर १९४४ ला झाला, हंपवरच्या त्या वादळाच्या बरोबर एक महिना आधी. त्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे आपल्या हद्दीत संकटात सापडलेल्या विमानाला शक्य असेल ती मदत करणं प्रत्येक सदस्य देशावर बंधनकारक आहे. हद्दीच्या अलीकडे उभं राहून ‘दहा मिनिटं येऊ द्या’ म्हणणाऱ्या विमानाचं काय, याबद्दल ते कलम बोलत नाही. भारत आणि पाकिस्तानने, आकाश बंद ठेवायचंच असेल तरी, दोन नियंत्रण कक्षांमध्ये एवढ्याच कामासाठी थेट बोलणं आणि वादळापुरती वाट देण्याचा लेखी नियम करायला हवा. लष्करी विमानांचं मी म्हणत नाही. श्रीनगरला जाणाऱ्या त्या विमानात लहान मुलं होती.